वारजे, बारामती आणि मधली रेषा

मंगळवार, ७ मे २०२४ रोजी वारज्यातील मतदारांच्या बोटाला शाई लागली. शेजारच्या कोथरूडकरांना तीच शाई लावून घेण्यासाठी सोमवार, १३ मेपर्यंत थांबावे लागले. मधले सहा दिवस कर्वे रस्त्याने जाणाऱ्या एकाच बसमध्ये मत देऊन झालेले आणि मत द्यायचे राहिलेले असे दोन्ही प्रकारचे नागरिक शेजारी शेजारी बसून प्रवास करत होते. दोघेही मिळकतकर भरतात तो एकाच महानगरपालिकेकडे, दोघांच्या नळाला येणारे पाणी एकाच धरणसाखळीचे, आणि पत्ता लिहिताना दोघेही शेवटी ‘पुणे’ असेच लिहितात. लोकसभेपुरते मात्र कोथरूड पुण्यात असते आणि वारजे बारामतीत.

‘आम्ही पुण्यात राहतो, मग आमचा खासदार बारामतीचा कसा?’ हा प्रश्न वारज्यात प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा विनोदाने दिले जाते, नाहीतर संशयाने. कोणीतरी, कधीतरी, आपल्या सोयीसाठी ही रेघ ओढली असणार, असा त्या संशयाचा सूर असतो. वास्तविक या रेघेला स्वतःचा इतिहास आहे आणि तो संशयापेक्षा अधिक उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात तो इतिहास थोडक्यात मांडून, त्यातून वारज्याच्या मतदाराने काय घ्यावे याचा विचार करायचा आहे.

निवडणुकांचा इतिहास आपण प्रायः विजेत्यांचा इतिहास म्हणून वाचतो. अमुक साली अमुक पक्ष, अमुक लाट, अमुक पराभव. मराठी राजकीय कादंबरीचीही नजर, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’पासून, मुख्यत्वे मुंबईतील सत्ताकेंद्रावर खिळलेली राहिली. सत्तेचे डावपेच तेथे रंगतात हे खरेच आहे. परंतु ज्या मतांवर ते डावपेच उभे असतात ती मते कोणत्या चौकटीत मोजली जातात, या प्रश्नाकडे साहित्याने आणि इतिहासलेखनानेही फारसे वळून पाहिलेले नाही. एखादी संहिता कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे आधी ठरल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. मतदारसंघाचेही तसेच आहे. सीमा बदलली की तीच मते वेगळे काही सांगू लागतात.

याचे ठळक उदाहरण फार दूरचे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील दोन्ही प्रमुख आघाड्यांच्या एकूण मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र एकीला ३० आणि दुसरीला १७ मिळाल्या. उरलेली एक, सांगलीची, अपक्षाकडे गेली. मते सारखी आणि जागांत जवळपास दुपटीचा फरक, हे घडते ते मते राज्यभर एकत्र न मोजता ४८ वेगवेगळ्या कप्प्यांत मोजली जातात म्हणून. तेव्हा हे कप्पे कोणी आणि कसे पाडले हा प्रश्न गौण ठरत नाही.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आजचे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते. तत्कालीन मुंबई राज्यातून लोकसभेच्या ४५ जागा होत्या, पण मतदारसंघ ३७. कारण त्यांतील आठ मतदारसंघ प्रत्येकी दोन सदस्य निवडून देणारे होते. एक सर्वसाधारण आणि एक राखीव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९५२ मधील पराभव झाला तो उत्तर मुंबईच्या अशाच द्विसदस्य मतदारसंघात. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आली. पुण्यातून त्या पहिल्या निवडणुकीत दोन खासदार गेले. पुणे मध्यमधून काकासाहेब गाडगीळ आणि पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव. बारामती नावाचा लोकसभा मतदारसंघ तेव्हा नव्हता.

तो आला १९५७ मध्ये. ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या ऐन भरातली. मुंबई राज्य तेव्हा द्वैभाषिक होते आणि त्याच्या लोकसभेतील जागा ६६ होत्या. पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांचा पराभव केला. दोघेही लेखक होते ही गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी. गोरे गोवा मुक्तीच्या सत्याग्रहातून आलेले, ‘कारागृहाच्या भिंती’चे लेखक, तर काकासाहेब पुढे १९६२ च्या सातारा येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बारामतीतून मात्र काँग्रेसचे केशवराव जेधे निवडून आले. शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले जेधे तोवर काँग्रेसमध्ये परतले होते. शहराने एक कौल दिला आणि शेजारच्या ग्रामीण मतदारसंघाने दुसरा. पुण्याच्या आणि बारामतीच्या मतांतील हा दुभंग इतका जुना आहे.

जेधे यांचे १९५९ मध्ये निधन झाले. त्यानंतर १९६० मध्ये झालेली बारामतीची पोटनिवडणूक महाराष्ट्राच्या राजकारणात वेगळ्याच कारणाने लक्षात राहिली. काँग्रेसने केशवरावांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उभे केले, आणि शेतकरी कामगार पक्षाकडून उभे राहिले वसंतराव पवार. त्यांचे धाकटे बंधू शरद पवार यांनी त्या निवडणुकीत भावाचा नव्हे, तर काँग्रेसच्या उमेदवाराचा प्रचार केला. गुलाबराव जेधे विजयी झाले. २०२४ मध्ये बारामतीत एकाच कुटुंबातील दोन उमेदवार समोरासमोर आल्याचे अनेकांना अभूतपूर्व वाटले. घरातील मतभेद उंबरठा ओलांडून मतपेटीपर्यंत जाण्याची या मतदारसंघाला चौसष्ट वर्षांची ओळख होती, हे त्या वेळी फारसे कोणाला आठवले नाही.

१ मे १९६० रोजी राज्य झाले आणि ६६ जागांपैकी ४४ महाराष्ट्राकडे, २२ गुजरातकडे आल्या. १९६७ मध्ये महाराष्ट्राच्या जागा ४५ झाल्या आणि १९७७ मध्ये ४८. त्यानंतर हा आकडा हललेला नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या गोठवली. कुटुंबनियोजन यशस्वीपणे राबवणाऱ्या राज्यांचे संसदेतील वजन त्यामुळे कमी होऊ नये, हा त्यामागील विचार. पुढे चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. मात्र राज्याच्या आतल्या सीमा नव्याने आखण्यास मोकळीक दिली. सत्त्याऐंशीव्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना आधारभूत मानली.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, २००४ ची लोकसभा निवडणूक आपण १९७१ च्या लोकसंख्येवर आखलेल्या नकाशावर लढवली, आणि २०२४ ची २००१ च्या. या अवधीत पुण्याचे काय झाले? वारजे हे हवेली तालुक्यातील गाव १९९७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. २०१७ मध्ये शिवणे, उत्तमनगर, धायरी यांसह ११ गावे आली. २०२१ मध्ये आणखी २३ गावांचा समावेश झाला. शहराची सीमा अशी वारंवार सरकत राहिली. लोकसभेची सीमा मात्र एकदा आखली की पिढीभर जागची हलत नाही. शहर चालत राहते आणि नकाशा उभा राहतो; त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात वारज्यासारखी उपनगरे सापडतात.

आता मूळ प्रश्नाकडे. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने केलेली आखणी २००८ मध्ये अमलात आली आणि महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. २००१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या पुढे होती. तिला ४८ ने भागले की प्रत्येक लोकसभा मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी २० लाखांहून थोडी अधिक लोकसंख्या येते. विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे प्रत्येक लोकसभा मतदारसंघात बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ. विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याच्या आत राहावा आणि तो दोन लोकसभा मतदारसंघांत फुटू नये, हे पथ्य. भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय यांचा विचार व्हावा असे कायदा सांगतोच. पण या साऱ्या विचारांना सहाच्या पाढ्यात बसावे लागते.

पुणे जिल्ह्याला २१ विधानसभा जागा आल्या. २१ ला सहाने भागले की तीन मतदारसंघ पूर्ण होतात आणि तीन जागा उरतात. मावळ, चिंचवड आणि पिंपरी या उरलेल्या तीन जागांना घाटाखालच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत आणि उरण यांची जोड देऊन मावळ लोकसभा मतदारसंघ तयार झाला. पुणे शहर आणि लगतच्या पट्ट्यात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ असे आठ विधानसभा मतदारसंघ झाले. आठांतून सहा गेले की दोन उरतात. उरलेल्या दोहोंपैकी हडपसर शिरूरला जोडले गेले आणि खडकवासला बारामतीला. वारजे खडकवासल्यात आहे. ‘आमचा खासदार बारामतीचा कसा?’ या प्रश्नाचे उत्तर असे प्राथमिक शाळेतील भागाकाराचे आहे. वारजे ही त्या भागाकारातील बाकी आहे.

अमेरिकेत हे काम अनेक राज्यांत विधिमंडळेच करतात, आणि सत्ताधारी पक्ष आपल्या लाभासाठी सीमा वाकवतो ही तेथील जुनी तक्रार आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या संमतीने आखला गेलेला एक विचित्र आकाराचा मतदारसंघ व्यंगचित्रकाराला सॅलमँडरसारखा दिसला, आणि त्या दोन नावांच्या संकरातून ‘गेरीमँडर’ हा शब्द जन्मला. आपल्याकडे हे काम स्वतंत्र आयोगाकडे आहे, हरकती आणि सुनावण्या होतात, आणि अंतिम आदेशाला कायद्याचे बळ असते. राजकीय पक्षांचे लक्ष या कामाकडे नसते असे नव्हे. तथापि वारज्याची कथा कटाची नाही. किंबहुना ती कोणाच्याच इच्छेची कथा नाही, आणि हेच तिच्यातील अस्वस्थ करणारे वैशिष्ट्य आहे. कट असता तर निदान कोणीतरी आपला विचार केला होता असे म्हणता आले असते.

या जोडणीतून पुढे काय निष्पन्न झाले, हे मतमोजणीने दाखवले आहे. २००९ मध्ये सुप्रिया सुळे बारामतीतून ३ लाख ३६ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. २०१४ मध्ये महादेव जानकर यांच्याविरुद्ध ते मताधिक्य सत्तर हजारांच्या आत आले. २०१९ मध्ये कांचन कुल यांच्याविरुद्ध पुन्हा दीड लाखाच्या वर गेले. २०२४ मध्ये सुनेत्रा पवार यांच्याविरुद्ध ते १ लाख ५८ हजार ३३३ होते. या शेवटच्या तिन्ही निवडणुकांत खडकवासला विधानसभा क्षेत्राने आघाडी दिली ती पराभूत उमेदवाराला. २०२४ मध्ये तर सहा क्षेत्रांपैकी असे करणारे ते एकटेच होते. प्रतिस्पर्धी उमेदवार तीनदा बदलला, त्याचा पक्षही बदलला, एकदा तर तो उमेदवार पवार घराण्यातीलच होता. पण भारतीय जनता पक्ष ज्याच्या पाठीशी, त्याच्याकडे या उपनगरी मतांचा कल कायम राहिला. विधानसभेतही २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे रमेश वांजळे निवडून आले होते, आणि त्यांच्या निधनानंतर २०११ च्या पोटनिवडणुकीपासून ही जागा भाजपचे भीमराव तापकीर यांच्याकडे राहिली आहे.

परंतु निकालपत्रावर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात आणि उद्याच्या इतिहासात नाव येते ते एकच. ‘बारामतीने कौल दिला.’ या एका नावाखाली उसाचे मळे, पुरंदरचे दुष्काळी माळ, भोर-मुळशीचे डोंगर आणि वारज्यातील सदनिका हे सारे एकाच कर्त्याच्या रूपात वाक्यात बसतात. नाव हे वाचनाला मदत करते तसे ते वाचन थांबवतेही. मतदारसंघाचे नाव म्हणजे त्या नकाशाचे शीर्षक, आणि केवळ शीर्षक वाचून पुस्तक मिटणारा वाचक जी चूक करतो तीच आपण निवडणुकांच्या बाबतीत करत आलो आहोत.

मात्र दोष एकतर्फी नाही. बारामती लोकसभा मतदारसंघात मतदारांची संख्या सर्वांत अधिक आहे ती खडकवासला क्षेत्रात. आणि २०२४ मध्ये मतदानाची टक्केवारी सर्वांत कमी होती तीही तेथेच. सर्वाधिक टक्केवारी बारामती विधानसभा क्षेत्रात होती. जो गट संख्येने सर्वांत मोठा, तोच मतदान केंद्रावर सर्वांत कमी प्रमाणात पोहोचला. ‘ही निवडणूक आपली नाहीच’ अशी भावना त्यामागे असेल, तर ती भावना स्वतःलाच खरे करून दाखवते आहे, असे म्हणावे लागेल.

येथपर्यंत वाचून वारजेकर वाचक म्हणेल, मग आम्हाला पुण्यात घाला म्हणजे झाले. माझेही मत दीर्घकाळ असेच होते. ते बदलले ते मुठा नदीचा नकाशा मतदारसंघाच्या नकाशावर ठेवून पाहिल्यावर.

पुणे शहराला पाणी मिळते ते प्रामुख्याने खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून. ही चारही धरणे बारामती लोकसभा मतदारसंघात आहेत. खडकवासला त्याच नावाच्या विधानसभा क्षेत्रात, बाकीची तीन भोर क्षेत्रात. खडकवासल्याचे पाणी पुण्याच्या नळांना जाते तसेच मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतांकडे जाते. दौंड आणि इंदापूरही बारामती मतदारसंघातच. शहराने वापरून सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात उतरते; त्या जलाशयाच्या काठी पुन्हा दौंड आणि इंदापूरची गावे आहेत. म्हणजे पाणी जेथे अडते, ज्या कालव्याने वाहते आणि मलिन होऊन जेथे साठते, त्या साऱ्या वाटेचे वरचे व खालचे टोक एका खासदाराच्या क्षेत्रात येते. मधले शहर, जे सर्वांत अधिक पाणी पिते, ते पुण्याच्या खासदाराकडे.

दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत शहराचा हक्क विरुद्ध शेतीचे आवर्तन असा वाद उभा राहतो. पुण्याच्या खासदाराला त्या वादात एकच बाजू मांडून भागते. त्याचा प्रत्येक मतदार नळाचे पाणी पितो. बारामतीच्या खासदाराला मात्र दोन्ही बाजूंना तोंड द्यावे लागते, कारण वारज्यातील नळधारक आणि इंदापुरातील कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी हे दोघेही त्याच मतपत्रिकेवर मत देतात. भागाकारातील बाकी म्हणून फेकलेले वारजे अशा रीतीने, कोणाच्याही योजनेवाचून, एका खऱ्या नात्याच्या आत येऊन पडले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मुठाकाठाने हे नाते फार मोठी किंमत देऊन अनुभवले होते. नदीने ते कधीच नाकारले नव्हते. विसरलो ते आपण.

तेव्हा तक्रार रेषेविषयी करावी की रेषेच्या आपल्या वाचनाविषयी, याचा विचार व्हायला हवा. शहरी मतदारसंघ शहरी आणि ग्रामीण मतदारसंघ ग्रामीण ठेवावेत ही मागणी वरवर नीटनेटकी आहे. तिच्यातून एकजिनसी मतदारसंघ तयार होतील, आणि प्रत्येक खासदाराला एकाच प्रकारच्या माणसांचे ऐकावे लागेल. लोकप्रतिनिधीला आपल्याच मतदारांतील परस्परविरोधी हितांचा मेळ घालावा लागणे, ही प्रातिनिधिक लोकशाहीतील अडचण नाही. तिचे ते मुख्य काम आहे. अर्थात हे काम व्हायचे तर दोन्ही टोकांच्या मतदारांनी ते मागितले पाहिजे. तीन निवडणुकांत वारज्याने कोणाला मत दिले हे महत्त्वाचे खरे, पण त्याने आपल्या खासदाराला दौंड-इंदापूरच्या पाण्याविषयी काय विचारले आणि इंदापूरने वारज्याच्या सांडपाण्याविषयी काय विचारले, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाला आज निकड आली आहे. जागांची संख्या गोठवणारी मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेशी बांधलेली आहे, आणि २०२५ मध्ये जाहीर झाल्यानुसार त्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. २०२३ च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव ठेवल्या, त्याही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडूनच. इंदिरा मायदेव १९५२ मध्ये पुणे दक्षिणमधून निवडून आल्या. त्यानंतर १९५७ पासून २०२४ पर्यंत पुणे लोकसभा मतदारसंघातून एकही स्त्री निवडून गेली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही जोडणी किती दूरगामी आहे ते कळते. नवी आखणी होईल तेव्हा आठांतून सहा वजा करण्याचे ते गणित बदललेले असेल. वारजे कदाचित पुण्यात जाईल, कदाचित एखाद्या नव्याच नावाखाली.

आखणीपूर्वी हरकतींसाठी सुनावणी होते. तेथे वारज्याचे नागरिक जातील तेव्हा ‘आम्ही शहरातले आहोत’ एवढेच सांगून परतणार, की आपले पाणी कोठून येते आणि कोठे जाते हेही सांगणार? मतदारसंघाची रेषा आयोग आखतो, पण ती वाचण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपवलेले आहे, आणि ते आजवर आपण पुरेसे केलेले नाही.